म्हाताऱ्यांचा धुडगूस

भर दुपारी एका शहराच्या हमरस्त्यावर एक आजीबाई उभ्या आहेत. पांढरे केस, किंचित वाकलेली पाठ, चालणं असं की आता पडतील की मग. समोरून भरधाव मोटार येते. आजीबाई बाजूला होत नाहीत. धडक बसते. आजीबाई चेंडूसारख्या उडतात, हवेत कोलांट्या खात पलीकडच्या फुटपाथवर आपटतात आणि त्या आपटण्यात त्यांचा एक हात खांद्यातून निखळून लांब जाऊन पडतो. रक्ताची चिळकांडी उडते. संपलं सगळं, असं आपण म्हणेपर्यंत आजीबाई उठून उभ्या राहतात, उरलेल्या हाताने जवळची एखादी वस्तू उचलतात आणि समोर दिसेल त्या धडधाकट तरुणाच्या दिशेने निघतात.

हा प्रकार घडतो संगणकाच्या पडद्यावर. खेळाचं नाव ‘जस्ट डाय ऑलरेडी’. मराठीत सांगायचं तर ‘मरा की एकदाचे!’ नाव वाचून साठी उलटलेल्या वाचकांनी पुरवणी बाजूला ठेवू नये, कारण हा मजकूर मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे. स्वीडनमधल्या डबलमूस गेम्स नावाच्या छोट्या मंडळींनी हा खेळ तयार केला आणि मे २०२१ मध्ये तो बाजारात आला. यात तुम्ही म्हातारा किंवा म्हातारी व्हायचं. वृद्धाश्रमातून तुम्हाला हाकलून दिलेलं आहे. का, तर तरुण पिढीने मुलं जन्माला घालणं सोडलं, होती नव्हती ती कामं यंत्रमानवांनी पळवली आणि तुमच्या पेन्शनसाठी पैसे भरणारं कुणी उरलंच नाही. आता तुम्ही, तुमचा संताप आणि समोर पसरलेलं शहर. मरण्याआधी करायच्या गोष्टींची एक यादी हातात असते आणि त्या यादीत तीर्थयात्रा वगैरे काही नाही. वाटेत येईल ते मोडायचं, फोडायचं, अंगावर घ्यायचं. मेलात तर पुन्हा जिवंत व्हायचं. एका वेळी चौघं मिळून हा गोंधळ घालू शकतात.

अशा खेळांना ‘सँडबॉक्स’ म्हणतात, म्हणजे वाळूचा हौद. हौदात मुलाला सोडलं की तिथे पहिला नंबर, दुसरा नंबर असं काही नसतं. किल्ला करावा, पाणी ओतावं, शेजारच्याच्या डोक्यावर वाळू टाकावी. नियम ठरवून दिलेला नाही, फक्त वाळू खरी पाहिजे. या खेळातली ‘वाळू’ म्हणजे पदार्थविज्ञान. वस्तू ढकलली की घरंगळते, उंचावरून सोडली की आपटते. माणसाचं शरीरसुद्धा त्यातलीच एक वस्तू.

या मंडळींचा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. त्यांच्यातल्या काहींनी आधी बकरीचा खेळ केला होता. स्वीडनमध्ये व्हेनर्न आणि व्हेटर्न या दोन प्रचंड तळ्यांच्या मधल्या भागात शव्दे नावाचं गाव आहे. तिथल्या विद्यापीठात संगणकीय खेळ तयार करण्याचं शिक्षण मिळतं आणि त्यामुळे गावात अशा कंपन्या बऱ्याच. त्यांपैकी कॉफी स्टेन या कंपनीतल्या लोकांनी जानेवारी २०१४ मध्ये, चार दिवस हात मोकळे सोडावेत म्हणून, गावात मोकाट सुटलेल्या एका बकरीची गंमत जुळवली. बकरी धडक मारते, जीभ चिकटवून वस्तू ओढत नेते, पेट्रोल पंप उडवते. त्याची चित्रफीत लोकांनी इतकी पाहिली की कंपनीला तो खेळ खरोखरच विकायला काढावा लागला. तारीखही त्यांनी निवडून घेतली, १ एप्रिल २०१४. खेळात चुका होत्या. बकरीची मान लांबच लांब व्हायची, ती भिंतीत अडकायची. खेळ बंद पडेल अशा चुका तेवढ्या त्यांनी दुरुस्त केल्या, बाकीच्या मुद्दाम तशाच ठेवल्या, कारण हसू त्यातूनच येत होतं. मी उभा जन्म बँकेत काढला. ताळेबंदात दहा पैशांचा फरक लागला तरी रात्री नऊपर्यंत सगळी शाखा थांबवून धरायची, अशा काळातला मी माणूस. चूक सापडली आणि ती विक्रीला ठेवली, हे वाचून मला थोडा वेळ काही सुचलंच नाही.

मग बकरीवरून गाडी म्हाताऱ्यांवर कशी आली? मला वाटतं याचं उत्तर पडण्यात आहे. या सगळ्या विनोदाचा प्राण म्हणजे तोल जाणं आणि पडणं, आणि तोल जाण्याच्या बाबतीत बकरीच्या खालोखाल कुणी असेल तर आम्ही.

संगणकावर पडणं दाखवायला माणूस फार उशिरा शिकला. पूर्वीच्या खेळांत गोळी लागली की पात्र एकाच ठरावीक पद्धतीने पडायचं. कुणीतरी चित्रकाराने ते पडणं एकदा रेखाटून ठेवलेलं असे. जिन्यावर मेला तरी तो हवेत आडवा, भिंतीशी मेला तरी डोकं भिंतीच्या आत. मग कल्पना निघाली ती चिंध्यांच्या बाहुलीची, ‘रॅगडॉल’ची. शरीर म्हणजे काही ठिपके, ठिपक्यांमध्ये काठ्या, काठ्यांच्या जोडावर सांधे. एकदा तोल गेला की कुणीही काही रेखाटायचं नाही, गुरुत्वाकर्षणाने त्या काठ्यांचं काय व्हायचं ते होऊ द्यायचं. २००० साली निघालेल्या ‘हिटमॅन’ या खेळात डेन्मार्कच्या थॉमस याकोबसेन यांनी हे मोठ्या युक्तीने साधलं आणि पुढच्याच वर्षी आपली रीत सगळ्यांना समजावूनही सांगितली. ठिपका आत्ता कुठे आहे आणि एक क्षण आधी कुठे होता, एवढ्या दोनच नोंदी ठेवायच्या. त्यावरून तो पुढच्या क्षणी कुठे असेल ते काढायचं. वेग वेगळा लिहून ठेवायचाच नाही. मग काठीची लांबी तपासायची. दोन ठिपके फार लांब गेले असतील तर जवळ ओढायचे, फार जवळ आले असतील तर ढकलायचे. सेकंदात कित्येकदा हे केलं की पडद्यावरचं शरीर पायरीपायरीवर वेगळं वाकत, हात टाकत खाली येतं.

गंमत अशी की ही रीत मुळात खेळासाठी नव्हतीच. लू व्हर्ले या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९६७ साली अरगॉन वायूचे ८६४ अणू एकमेकांना कसे ढकलतील ते संगणकावर मांडताना ती वापरली होती. अणूंच्या हिशेबाची वही शेवटी आजीबाईंच्या कोलांट्यांना उपयोगी पडली. आमच्या भाषेत सांगायचं तर कालची शिल्लक आणि आजची शिल्लक एवढ्यावर सगळा व्यवहार. मधलं व्हाउचर मागायचं नाही.

आता प्रश्न असा की म्हातारं माणूस पडलं तर हसायचं का? फ्रान्समधल्या आंरी बेर्गसाँ या तत्त्वज्ञाने १९०० साली हसण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यातलं सुरुवातीचंच उदाहरण रस्त्यात धावता धावता ठेचकाळून पडणाऱ्या माणसाचं आहे. त्याचं म्हणणं साधारण असं, की जिवंत माणसाने प्रसंग पाहून लवचिकपणे वागायला हवं. तो यंत्रासारखा ठरल्या गतीने जात राहिला आणि आपटला की आपल्याला हसू येतं. पण त्याने आणखी एक अट घातली आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. हसायचं तर काळीज तेवढा वेळ बधिर करावं लागतं. दया आली की हसू संपलं. रॅगडॉल नेमकं हेच बधिरीकरण करतं. ती आजी नाहीच, चिंध्यांची बाहुली आहे, हे आपल्याला माहीत असतं. तिला दुखत नाही, म्हणून आपल्यालाही दुखत नाही.

घरात मात्र दुखतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा साठी ओलांडलेल्यांचा असतो. आमच्या घरातली गोष्ट एवढ्या टोकाची नाही. माझी थोरली बहीण, ताई, टपाल खात्यातून निवृत्त झालेली. तीन वर्षांपूर्वी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली. वॉकर आला, मग काठी आली. हाड जुळलं, पण त्या दिवसापासून त्या घराची भाषा बदलली. ‘ताई, उठू नकोस’, ‘आई, थांब, मी आले’, ‘आजी, स्टुलावर चढायचं नाही’. प्रेमानेच म्हणतात सगळे. मीही म्हणतो. पण एके दिवशी मी सहज मोजलं तर तासाभरात तिला अकरा वेळा ‘नको’ ऐकावं लागलं होतं. जिने सदतीस वर्षं टपाल कचेरीत गिऱ्हाइकांना ‘आज नाही, उद्या या’ असं ठणकावून सांगितलं, तिला आता गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायला परवानगी लागते.

हा खेळ मी पाहिला तो तिच्याच घरी, तिच्या नातवाकडे. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात खेळत होता. मला पाहून त्याने पडदा झाकायचा प्रयत्न केला. म्हणाला, ‘मामाआजोबा, हे तुम्हाला आवडणार नाही.’ खेळाचं नाव ऐकून मला जो राग यायचा तो आलाच. पण अर्धा तास शेजारी बसून पाहिल्यावर लक्षात आलं की त्यातल्या शिव्या म्हाताऱ्यांना नाहीत. किंवा आहेत, पण त्या जग देतं. खेळणारा म्हाताऱ्याच्या बाजूने असतो. खेळाच्या नावातलं वाक्य ज्याला ऐकावं लागतं, त्याच्या कातडीत शिरून विशीचा पोरगा शहरभर उच्छाद मांडतो. कुणी ‘नको’ म्हणायला नाही.

आणि ते वाक्य कल्पनेतलं नाही. जानेवारी २०१३ मध्ये जपानचे तेव्हाचे अर्थमंत्री तारो आसो, स्वतः बहात्तर वर्षांचे, सामाजिक सुरक्षेच्या एका बैठकीत बोलून गेले की सरकारी खर्चावर आयुष्य लांबवत ठेवण्यापेक्षा वृद्धांना लवकर मरू द्यावं. ओरड झाल्यावर त्यांनी आपण फक्त स्वतःविषयी बोलत होतो असा खुलासा केला. स्वीडिश भाषेत तर या विचाराला एक जुना शब्दच आहे, ‘एट्टेस्तूपा’. म्हणजे एक उंच कडा, जिथून निकामी झालेले म्हातारे स्वतः उडी घेत किंवा ढकलले जात. आइसलँडच्या एका जुन्या गाथेत अशी गोष्ट येते आणि सतराव्या शतकापासून स्वीडनमधल्या कित्येक कड्यांना लोकांनी हे नाव चिकटवलं. असं खरोखर कधी घडत असे याला इतिहासकारांना पुरावा सापडलेला नाही. पण शब्द टिकला. आजही तिथल्या राजकारणात म्हाताऱ्यांच्या सोयी कापल्या की विरोधक हाच शब्द तोंडावर फेकतात. हा खेळ स्वीडनमध्येच जन्माला यावा हे मला म्हणूनच आश्चर्याचं वाटत नाही.

आता थोडा पैशाचा विषय. माझ्या खात्यातला आहे म्हणून रेंगाळतो, वाचकांनी सांभाळून घ्यावं. पेन्शनची एक जुनी पद्धत अशी की आज कमावणाऱ्यांनी भरलेला पैसा आजच्याच म्हाताऱ्यांना वाटायचा. म्हणजे एकाच ओट्यावर घडा भरतोय आणि रिकामा होतोय. भरणारे जास्त आणि पिणारे कमी तोवर कुणाला काही जाणवत नाही. स्वीडनने १९९० च्या दशकातच हा हिशेब मांडला आणि १९९९ पासून नवी व्यवस्था आणली. पगाराच्या साडेअठरा टक्के पेन्शनसाठी. त्यांतले सोळा टक्के आजच्या वृद्धांच्या पेन्शनला जातात, पण भरणाऱ्याच्या नावावर त्याची नोंद राहते, आणि उरलेले अडीच टक्के त्याच्या पसंतीच्या फंडात गुंतवले जातात. दरवर्षी प्रत्येकाच्या घरी नारिंगी रंगाचं पाकीट येतं, तुमच्या नावावर किती जमलं ते सांगणारं. आणि या यंत्राला त्यांनी एक ब्रेक बसवला. देणं हे येण्यापेक्षा जास्त झालं की कुणा मंत्र्याला विचारावं लागत नाही, पेन्शनची वाढ आपोआप रोखली जाते. २००८ च्या जागतिक मंदीनंतर २०१० मध्ये तो ब्रेक पहिल्यांदा लागला. २०१०, २०११ आणि २०१४ या वर्षी म्हाताऱ्यांच्या हाती पडणारी पेन्शन खरोखर घटली. हिशेबनीस म्हणून मी त्या व्यवस्थेला सलाम करतो. पेन्शनर म्हणून मात्र तो ब्रेक आपल्या गाडीला नाही याचं बरं वाटतं, हेही लपवत नाही.

आपल्याकडे ब्रेक नाही, पण फाटा आहे. आम्हा बँकवाल्यांना १९९५ च्या नियमांनी पेन्शन मिळाली. १ एप्रिल २०१० पासून नोकरीला लागलेल्यांना ती नाही; त्यांच्या पगारातून रक्कम कापली जाते, बँक आपला वाटा घालते आणि बाजारात जे पिकेल ते त्यांचं. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी ही रीत १ जानेवारी २००४ पासूनच आली होती. एकाच काउंटरवर शेजारी शेजारी बसलेल्या दोघांचं म्हातारपण वेगवेगळं ठरून गेलं. निवृत्तीच्या आधी माझ्या हाताखाली असलेला एक तरुण अधिकारी एकदा चहा पिताना म्हणाला, ‘सर, तुमची पेन्शन आम्ही देणार, आमची कोण देणार?’ हिशेबाने ते वाक्य बरोबर नव्हतं, आमची पेन्शन बँकेच्या वेगळ्या निधीतून येते. पण त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते हिशेबाने खोडता येणारं नव्हतं. तो काही वाईट मुलगा नव्हता. या खेळाची सुरुवातीची गोष्ट वाचताना मला त्याचीच आठवण झाली.

बँकेच्या लेखी म्हातारपणाची किंमत ठेवीवर अर्धा टक्का जादा व्याज. त्या बदल्यात दर नोव्हेंबरला एक कसोटी असते, हयातीच्या दाखल्याची. मी जिवंत आहे, हे पेन्शनराने स्वतः येऊन सांगायचं आणि आम्ही ते तपासून सही करायची. शाखेत रांग लागे. कुणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, कुणी रिक्षातून न उतरता. मग आमच्यातला एकजण रिक्षापर्यंत जाऊन सही घेई. बँकांतून पिढ्यान् पिढ्या सांगितला जाणारा विनोद असा, की एका आजोबांनी यंदाचा दाखला दिला तर कारकून म्हणाला, ‘यंदाचं ठीक, पण गेल्या वर्षी तुम्ही जिवंत होता याचा दाखला फाइलला नाही.’ आम्ही हसायचो. काउंटरच्या पलीकडे उभा असलेला कधी फारसा हसताना दिसला नाही.

आपल्या मराठी रंगभूमीने म्हातारपण फार सुंदर दाखवलं, पण बहुधा रडवून. १९७० साली शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’ आला आणि घराबाहेर पडलेल्या म्हाताऱ्याचं एक रूप आपल्या मनात कायमचं बसलं. त्याच्याही आधी १९५७ मध्ये पु.लं.नी ‘तुझे आहे तुजपाशी’मधून काकाजी दिले. पण खायचं प्यायचं, जगायचं ते रसरसून जगणाऱ्या त्या माणसाच्या मागे अख्खा वाडा होता. पैसा नाही, घर नाही, वर संताप आणि तोही विनोदी, असा म्हातारा आपल्याकडे दुर्मीळच. म्हातारा चिडला की आपण त्याला ‘किरकिऱ्या’ म्हणतो आणि विषय संपवतो.

युरोपात हा मसाला जुना आहे. इंग्लंडच्या ‘मॉन्टी पायथन’ मंडळींनी १९६९ सालीच दूरचित्रवाणीवर रस्त्यात तरुणांना लुटणाऱ्या आजीबाईंची टोळी दाखवली होती. स्वीडनमध्ये तर अलीकडे अशा कादंबऱ्यांचं पीकच आलं. योनास योनासन यांच्या २००९ च्या कादंबरीतला म्हातारा आपल्या शंभराव्या वाढदिवशी वृद्धाश्रमाच्या खिडकीतून उडी टाकून पळतो. कॅथरीना इंगेलमन-सुंदबर्ग यांच्या २०१२ च्या कादंबरीत वृद्धाश्रमातले पाचजण गुन्हेगारी करायचं ठरवतात, कारण त्यांच्या हिशेबाने तुरुंगातली व्यवस्था आश्रमापेक्षा बरी. व्यवसायामुळे माझी सहानुभूती लुटल्या जाणाऱ्यांकडे असायला हवी. ती राहिली नाही, एवढंच नमूद करतो. ‘जस्ट डाय ऑलरेडी’ला मी या कादंबऱ्यांचं मवाली भावंड समजतो.

मवाली, आणि थोडं उथळही. हे स्पष्ट सांगायला हवं. पहिला अर्धा तास पोट धरून हसवणारा हा खेळ पुढे तेच तेच दाखवत राहतो. हात तुटला, पाय तुटला, पुन्हा उगवला. रक्तही भरपूर आहे. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या हाती हा देऊ नये. माझी खरी तक्रार वेगळी आहे. या म्हाताऱ्यांना शरीर आहे, राग आहे, पण आठवण नाही. कालचं काहीच त्यांच्यामागे येत नाही. रस्त्यावरून जाताना इथे पूर्वी अमक्याचं दुकान होतं असं जो मनात म्हणत नाही, तो कसला म्हातारा? खेळ रचणारे तरुण आहेत, त्यांना म्हातारपणाचं बाहेरून दिसतं तेवढं दिसलं.

याच्या अगदी उलट टोकाचा एक खेळ आहे. ‘द ग्रेव्हयार्ड’, २००८ सालचा, बेल्जियममध्ये राहणाऱ्या ऑरिया हार्वी आणि मिखाएल सामीन या जोडप्याचा. त्यात एक म्हातारी काठी टेकत दफनभूमीतल्या वाटेने चालते. आपण फक्त तिला चालवायचं, तेही अतिशय हळू. घाई करून उपयोग नाही. टोकाला बाक आहे. ती बसते, फ्लेमिश भाषेतलं एक गाणं सुरू होतं, संपतं, मग ती उठते आणि तशीच परत येते. एवढाच खेळ. फुकट मिळणाऱ्या नमुन्यात आणि पाच डॉलरला मिळणाऱ्या पूर्ण खेळात फरक फक्त एक. विकत घेतलेल्या खेळात ती बाकावर बसल्या बसल्या मरू शकते. दर वेळी मरेलच असं नाही. मरणाची शक्यता, एवढीच वस्तू पाच डॉलरला. अनेकांनी याला खेळ म्हणायला नकार दिला. मी तो दोनदा चालवून पाहिला. दुसऱ्या वेळी ती उठेपर्यंत मी श्वास धरून होतो.

या दोन्ही खेळांच्या वेळी ताई शेजारी होती. दफनभूमीचा खेळ तिने पाच मिनिटं पाहिला आणि ‘ही फारच सावकाश चालते रे’ म्हणून पुन्हा आपल्या शब्दकोड्याकडे वळली. धुडगूस मात्र तिने चष्मा पुसून पाहिला. आधी नाक मुरडलं. पोरांना काही काम नाही म्हणाली. मग ती आजीबाई कशावरून तरी खाली कोसळली आणि पडल्या पडल्या उठून चालू लागली, तेव्हा ताईने नातवाला विचारलं, ‘अरे, हिला उठवायला कुणी लागत नाही?’

‘नाही ना आजी. आपोआप उठते.’

‘पुन्हा पाड बघू.’

त्याने पाडली. ती उठली. ताईने त्याला तसं चार-पाच वेळा करायला लावलं. हसत नव्हती, नीट निरखून पाहत होती, मनीऑर्डरच्या फॉर्मवरची सही ताडून पाहावी तशी. मग कळफलक आपल्याकडे ओढून घेतला. कुठलं बटण दाबायचं ते पोराने दाखवलं. तिला चालवणं काही जमेना, म्हातारी एकाच जागी गोल गोल फिरत राहिली आणि शेवटी एका माणसाला जाऊन धडकली. ‘सॉरी हं,’ ताई पडद्याला म्हणाली, आणि लगेच त्यालाच पुन्हा धडकली.

नंतर नोव्हेंबर आला. हयातीच्या दाखल्यासाठी आता रांगेत उभं राहावं लागत नाही. २०१४ मध्ये सरकारने ‘जीवन प्रमाण’ सुरू केलं आणि २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरला तरी काम भागतं. त्याच नातवाने फोन समोर धरला. ताई केस सारखे करून, पदर नीट घेऊन ताठ बसली. यंत्राला माणूस जिवंत आहे की नुसता फोटो आहे ते कळावं म्हणून पापण्या मिटून उघडाव्या लागतात. पहिल्या वेळी तिने मिटल्या नाहीत. दुसऱ्या वेळी चष्म्यावर उजेड आला. तिसऱ्या वेळी चष्मा काढला, पोराकडे डोळे वटारून पाहिलं आणि दोनदा पापण्या मिटल्या. दाखला झाला.